सहा कालवं

वेंगुर्ल्याच्या बंदरावर बर्फाचा कारखाना होता,
तिथे आता ‘ला मारे’ आहे.
फ्रेंचमध्ये मारे म्हणजे भरती-ओहोटी.
आमच्या गावात मारे म्हणजे मारेच:
मारे हाटेल काढलंय, मारे तीन-तीन काटे,
मारे कापडी रुमाल,
आणि ताटलीखाली आणखी एक ताटली, उगाच.

मी इथे वाइन ओततो.
डावा हात पाठीमागे, शेवटी मनगटाला बारीक पीळ,
म्हणजे थेंब टेबलावर पडत नाही.
नाशकात सहा महिने शिकलो.
तिथल्या बाई सांगायच्या, नाकाने वाचा:
ब्लॅककरंट, गूजबेरी, भिजलेली पाटी.
ब्लॅककरंट मी अजून पाहिलेलं नाही.
पाटी ओळखीची. शाळेत थुंकीने पुसायचो.

काउंटरखाली, बुचांच्या डब्याशेजारी एक वही आहे.
तिच्यात माझ्यापुरतं लिहितो.
बर्गंडीची लाल: रातांबे फोडल्याच्या दुसऱ्या दिवशीची बोटं.
लुआरची पांढरी: काजूचं बोंड, पण सभ्य.
प्रोव्हान्सची गुलाबी: दोरीवर वाळलेला परकर. बाकी काही नाही.
बोर्दो, सगळ्यांत महाग: गिऱ्हाईक गप्प बसतं.
गिऱ्हाइकांना मात्र
ब्लॅककरंटच सांगतो.

सत्यवती मेतर शनिवारी मागल्या दाराने येते.
पाटी उतरवते, कालवं मोजून देते, निघून जाते.
ह्या शनिवारी पाटी देऊन घरी गेली
आणि आठ वाजता पुढल्या दाराने आली.
चप्पल उंबऱ्याबाहेर काढली,
मी खुणावलं तेव्हा परत घातली.
“माका बघूचा आसा,” म्हणाली,
“तुमी ह्येंचा काय करतास ता.”

फोडलेल्या बर्फावर सहा.
मलमलीत बांधलेलं लिंबू तिने बाजूला सारलं,
कांद्याचं व्हिनेगर वास घेऊन दूर ठेवलं.
पहिलं उचललं, तोंडात धरलं,
बघत राहिली खिडकीबाहेर, जिथे नुसता काळोख होता.
“ह्यां माजां नाय. निवतीच्या खडपातलां.”
दुसरं तिचं. मोचेमाडच्या खाडीतलं,
वरून गोडं पाणी उतरतं त्या वळणावरचं.
चौथ्यावर थांबली.
“ह्यां काल काढलेलां नाय. परवा.”

शेफ बेनवा आत जाऊन पाट्या बघून आला.
दोघींचा माल पोराने एकत्र ओतला होता.
बेनवा तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला.
चार वर्षांत मी त्याला बसलेला पाहिला नव्हता.

मी म्युस्काडे ओतली, दोन बोटं.
तिने पेला फिरवला नाही, हुंगला नाही,
चहासारखी घेतली.
“ओहोटीचां पाणी,” म्हणाली. “खडपात अडाकलेलां.
दुपारपर्यंत उनात ऱ्हवलेलां.”
काय म्हणाली, बेनवाने विचारलं.
मी इंग्रजीत सांगायला गेलो
आणि “अडाकलेलां”पाशी अडलो.

बिल तिने चष्मा लावून वाचलं.
डझनाचा भाव तिला वर्षानुवर्षं पाठ,
अर्ध्या डझनाचा पहिल्यांदाच बघत होती.
काही बोलली नाही.
बेनवा नको नको म्हणत असताना
पिशवीतून नोटा काढून मोजल्या, पन्नासाच्या, दमट.

मग ताटलीकडे बोट.
“ती कवचां दी.”
मला वाटलं, चुन्याला हवी असतील.
“चुन्याक कित्याक? खाडयेत परत टाकूची.
पोरां खंय बसतली नायतर?”
कालवांची पोरं. जुन्या कवचांवरच धरतात म्हणे.
आम्ही चार वर्षं कचऱ्याच्या गाडीत घातली.

सहा वरची, सहा खालची,
कापडी रुमालात गाठ मारून दिली.
रुमाल अजून आलेला नाही.
मॅनेजरने वहीत माझ्या नावावर लिहिलाय,
त्याच्या वहीत. माझ्या वहीत
म्युस्काडेपुढची ओळ मी खोडली,
नवी अजून लिहिली नाही.
उद्या ओहोटी साडेपाचला आहे.