कऱ्हाळे गुरुजींचा र

सेतू केंद्रात पंखा एक, माणसं तीस,
आणि गुरुजी कागद डोळ्यांशी धरून उभे.
छापलं होतं : कर्हाळे.
र चढून बसलेला ह-च्या डोक्यावर,
पोरगं चढावं तसा ट्रॅक्टरच्या टपावर.
"माहा र आडवा असते," ते म्हणाले, "पापणीसारखा."
खिडकीतून उत्तर आलं,
"मशीन तसंच छापते, गुरुजी."

ती पापणी मी त्यांच्याच हाताखाली
पाटीवर गिरवली होती.

दिवसा मी जिनिंगच्या बिलांचं सॉफ्टवेअर सांभाळते.
त्याचे पैसे मिळतात.
हे रात्रीचं.
दोनला शेताची लाइन येते, बाबा पाणी द्यायला निघतात,
मी टाकीवर चढते, नेटवर्क तिथंच.
फॉन्ट उघडाच होता, कुणीही आत जावं असा.
आत कुणी तोमाश आधीच राबून गेलेला,
जाताना टीप ठेवलेली :
इथे जपून. हिंदीत चालेल, मराठीत बहुतेक नाही.
त्या 'बहुतेक'पाशी मी अकरा रात्री बसले.

आईनं विचारलं, "किती भेटते याचे?"
काहीच नाही.
"मंग कायले करतं व?"
म्हटलं, इर्जिक समज.
"इर्जिकीत जेवण तरी असते," ती म्हणाली,
"रोडगे असतात, वांग्याची भाजी असते."
यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
अजूनही नाही.

चूक टोचत होती, तळपायात गोखरू मोडावा तशी,
एवढंच खरं.
आणि खोटं कशाला बोलू,
यादीत एकशे चौदावं नाव आलं, हर्षाली खंडारे,
तेव्हा ते मी तीनदा वाचलं,
मग बॅटरी संपली.

तोमाशनं विचारलं, हे अक्षर ऐकू कसं येतं?
मी टाकीवरून बोलून पाठवलं :
वऱ्हाड. चऱ्हाट. कऱ्हाळे.
त्याचं उत्तर : कळलं. पण मागे काय वाजतंय?
लिहिलं : मोटार. आमच्याकडे आत्ता पाणी चालू आहे.

नोव्हेंबरात गुरुजी हयातीच्या दाखल्याला आले.
प्रिंटरमधून कागद गरम निघाला,
पापणी जागच्या जागी.
त्यांनी वाचलाही नाही.
चार घड्या घालून बंडीच्या खिशात ठेवला
आणि मलाच विचारलं,
"मानोऱ्याची गाडी गेली का व?"