समुद्राला चुना

हर्णैचा समुद्र टेम्पोतून ताम्हिणी चढून
पहाटे पाषाणला पोचतो तेव्हा
त्याच्याजवळ लाटा नसतात. नुसता वास.
वीस-वीस लिटरचे नऊ निळे कॅन.
गेटवरचा रखवालदार दर वेळी विचारतो, काय आहे?
मी सांगते, समुद्र.
तो आवकच्या रकान्यात लिहितो: पाणी, नऊ नग.

केळसकर बाई म्हणतात, सावकाश.
एकदम टाकलास तर नासल्यासारखं होतं,
चुना फुकट तळाला बसतो.
मग मी टाकते
अण्णा पानाला बोटानं लावायचे तेवढाच.
आकडा चढतो. आठ दहा. आठ पस्तीस.
नंतर रात्रभर कणाकणानं उतरतो,
तेव्हा समजायचं,
हवेतून कुणीतरी गुपचूप आत आलं.

भाऊ हसतो, आजवर माणसांना लावलेला ऐकला होता,
तू थेट समुद्राला?

आम्ही लोणारी.
फुरसुंगीच्या माळावर अण्णांची भट्टी होती.
ओढ्यातली चुनखडी, कोळसा, पुन्हा चुनखडी,
तीन दिवस धुमसायची.
थंडीत तिच्या उबेला निजावंसं वाटे.
आई हाताला धरून उठवायची,
तिथं न दिसणारं काहीतरी असतं,
झोपलेल्याला नेतं.
त्याचं नाव मला पुढे अकरावीत कळलं.

अण्णांनी जे वर सोडलं
ते मी खाली बोलावतेय,
असं एकदा बाईंना म्हणाले.
त्या चष्मा पुसत म्हणाल्या,
छान आहे. आता हिशेब कर.
चुना भाजताना एक सुटतो,
समुद्र घेतो पावणेदोन.
घेतला तर.
आणि भट्टीचा कोळसा?
मी हिशेब मांडला. कोळशाशी अडला.
तो कागद अजून माझ्या डब्याच्या पिशवीत आहे,
त्यावर लोणच्याचं तेल उतरलंय.

तपासून झालेला समुद्र आम्ही मोरीत ओततो.
मोरीतून रामनदी, मग मुळा, मुठा, भीमा, कृष्णा.
शंभर कोसांच्या आत आपलं घर असताना
तो पाठ फिरवून पूर्वेला चालू लागतो,
भलत्याच समुद्राकडे,
माझ्या चिमटीतला चुना घेऊन.

संध्याकाळी सही करताना बोटांच्या भेगा झोंबतात.
अण्णांच्या होत्या तशाच, त्याच जागी.
रखवालदार वही पुढे सरकवतो.
आवक: पाणी, नऊ नग.
शेजारी जावकचा रकाना.
तिथं काय लिहायचं
ते त्यानं मला अजून विचारलेलं नाही.