राखीव

फॉर्मच्या नवव्या रकान्यात विचारलंय:
राखीव किंमत दाखवायची की झाकायची?
पुढे दोन गोल. एकच भरायचा.

गाडी इको, पिवळी, दोन हजार चौदाची.
भांडुप ते मुलुंड, सकाळ-दुपार, चौदा पोरं.
कागदावर सात.
शाळेनं आता स्वतःच्या बस घेतल्यात.

पहिल्या वर्षी एका आईनं विचारलं होतं, महिन्याचे किती?
मी म्हटलं, सातशे.
ती लगेच हो म्हणाली.
इतकं लगेच, की जिना उतरेपर्यंत मला कळलं,
नऊशे म्हणायला हवं होतं.
पुढं कित्येक वर्षं
त्या एका ‘हो’वरच गॅस भरत राहिले.

दस्तगीर मेकॅनिक म्हणतो, झाकून ठेवा ताई.
त्याचा बाप देवनारला बकऱ्यांचा दलाल.
वर तोंडानं पावसापाण्याच्या गप्पा,
खाली रुमालात बोटं: हजार, पाचशे, परत हजार.
मी म्हटलं, अरे, पण रुमालाखाली
समोरच्याचा हात तरी गरम लागतो.

शेजारच्या भानुमती वैती जन्मभर भाऊच्या धक्क्यावर.
त्या म्हणतात, भाव ओरडून मोकळं व्हायचं.
गुपित ठेवायला मासळीला कुठं वेळ असतो?

आणि वधूवर मंडळाच्या वहीत, माझ्या नावापुढं,
वडलांनी लिहिलं होतं: अपेक्षा अनुरूप.
त्या अनुरूपमध्ये काय काय राखून ठेवलं होतं
ते मलाही कुणी सांगितलं नाही.

मी ‘झाकायची’वरचा गोल भरला.
एक लाख दहा.

रविवारी रात्री बोली चढली.
ऐंशी. ब्याण्णव. एक लाख तीन.
प्रत्येक आकड्याखाली लाल अक्षरांत
राखीव किंमत गाठलेली नाही.
अकरा जण होते, मग चार, मग एकटाच.
नाव नाही. नंबरचे शेवटचे दोन आकडे, एक्केचाळीस.
अंधारात जिन्याची पायरी पायानं चाचपावी
तसा थांबत थांबत येत होता.
एक लाख आठ.
मी फोनला म्हटलं, अजून दोन, भाऊ. दोनच.
कुकरची शिट्टी झाली, मी उठले नाही.
वेळ संपली.

त्याला वाटलं असेल, बाईला अजून लाखभर हवेत.
किंवा बाईला विकायचीच नाहीये.
पहिलं खोटं आहे.
दुसरं मी तपासलं नाही.

सकाळी खाली जाऊन गाडी नुसती चालू ठेवली,
बॅटरी उतरू नये म्हणून.
मागच्या काचेवर वाघाचं स्टिकर,
अर्धं खरवडलेलं, मिशा शाबूत.

दस्तगीर येतो. कितीला गेली?
तू सांग, मी म्हणते, कितीला जायला हवी होती?
तो खिशातून फडकं काढतो
आणि हात पुसत राहतो,
बोटं फडक्याच्या आत, बराच वेळ.