जीनत बाही

रामबागेतल्या आमच्या दुकानात भिंतीवर एक बाई आहे.
रेकॉर्डचं नुसतं पाकीट. आत रेकॉर्ड कधी नव्हतीच.
मिलचा कुणी इंजिनियर फ्रान्सहून आला होता,
कोटाच्या अस्तराचे सव्वा अकरा रुपये राहिले,
त्यात हे ठेवून गेला.

बाबांनी गाणं ऐकलं नाही. बाही पाहिली.
खांद्याला एकही चुणी नाही, कोपरापर्यंत घट्ट,
मग एकदम सुटलेली,
बोलता बोलता हात विसरून जावा तशी.
तीन रात्री त्यांनी वर्तमानपत्रं कापली.
संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सरंजामेबाई ती घालून गेल्या
आणि होळीपर्यंत सतरा ब्लाउज.

एकच खोड. हात वर केला की काखेत उसवायची.
बायकांनी ते धरूनच चाललं:
वरच्या फळीवरचा डबा जीनत घालून काढायचा नाही.

जीनत नव्हे खरं तर. जिनेत. जिनेत व्हालाद.
पण गिऱ्हाइकाच्या तोंडी राहील ते नाव.
कुणी म्हणे, खजराण्याची कुणी जीनत होती, तिनं आधी घातली.
बाबांनी कधी दुरुस्त केलं नाही.

पाकिटामागे बारीक अक्षरांत तिची हकीगत होती.
कॉलेजातले चिंधडे सर एका चहाला एक परिच्छेद वाचायचे,
त्यामुळे ती आमच्याकडे हप्त्याहप्त्यानं मोठी झाली.
बंदरावर मासळी सोलणारीची पोर.
लढाईत शिपायांच्या खानावळीत गायली, बिदागी बटाटे.
नवरा बाजा वाजवायचा, तो बाजा आणि पैसे घेऊन गेला.
मग दोन वर्षं आवाजच बसला,
त्या दोन वर्षांत तिनं शिवणकाम केलं.

बाबांनी मशीनचं चाक हातानं धरलं.
"परत वाचा," म्हणाले.

ती गेल्याचं आम्हाला बटणांच्या पुडीवर कळलं,
पुडीचा कागद आठ महिने जुना.
निरोपाचा कार्यक्रम तिनं पाच वेळा केला होता,
पाचही वेळा तिकिटं संपली, असं काही त्यात होतं.
पुढचं फाटलेलं.
त्या दिवशी बाबांनी मशीनला तेल दिलं.
शिवलं काही नाही.

आता दुकान मी बघते.
परवा एक मुलगी आली, फोन पुढे केला: अशी बाही हवी.
चाळीस लाख लोकांनी पाहिलं होतं म्हणे ते गाणं.
मी पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला. जाडाभरडा,
धुऊन मऊ न झालेल्या मांजरपाटासारखा.
आणि शेवटी, सूर चढला तिथे,
तिनं हात उचलला, सरळ वर.

काखेत चौबगला होता.
तळहाताएवढा, तिरप्या कापडाचा.

पाकिटावर तिचे हात खाली आहेत.

"पुन्हा लाव," मी म्हटलं.
मुलगी म्हणाली, "काकू, गाणं आवडलं का?"
मी तोंडातली टाचणी काढली नाही.
अठरा तारखेला ये म्हणून बोटांनीच सांगितलं.