बिगरहंगाम

होळीनंतर पंधरा दिवसांत जिन थांबते.
रऊफभाई रेच्यांचे पट्टे सैल करतो,
रोलरवर गोणपाट टाकतो,
फडावरच्या बाया शेवटचा चुकारा मोजून घेतात
आणि कोवे काट्याच्या खोलीला कुलूप लावून
मोहा वेचायला मारेगावकडे निघून जातो.

थांबत नाही ते एकच.
दर महिन्याच्या पाच तारखेला, मे असो की जून,
बँकेतून नऊ हजार सातशे पस्तीस
मोबाइलवर टिंग् वाजवून जातात.
सॉफ्टवेअरचा पट्टा सैल करता येत नाही.

किशोरबाबू म्हणाले,
"पाहा बरं बाई, हे कोन खाऊन राह्यलं."

मी कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं
आणि यादी उघडली.
अकरा नावं.
कंपनीच्या भाषेत अकरा सीट.
एका सीटचे साडेसातशे, वर अठरा टक्के,
कोणी बसो न बसो.

किशोरबाबू स्वतः. काट्यावरचा कोवे. गोदाम.
हे राहू दिले.

रऊफभाईला फोन लावला.
"माह्या नावाची खुर्ची हाय म्हन्ता?
अन् मी इथं उभ्यानं काम करून राह्यलो!
सांगाचं होतं न कोनी."
तो हसला. मीही.
मग दोघंही जरा गप्प राहिलो,
फोन चालूच.

धनंजय, मालकांचा मुलगा, पुण्यात.
एकदाच आत आला होता, पासवर्ड बदलायला.
ऑडिटर वर्षातून एकदा येतो, पोहे खातो,
माझ्याच खुर्चीवर बसून घेईल.

बापूराव नागोसे दिवाळीतच समोरच्या जिनिंगला गेला,
जाताना पेढे वाटून.
शेवटचं लॉगिन: काल, रात्री अकरा चाळीस.
आमच्या गाठी कोणाला किती भावानं गेल्या
ते आमच्याच खर्चानं पाहून घेतो रोज.
त्याला फोन केला नाही.
नुसतं बटण दाबलं.

मग टेस्ट युजर.
आणि टेस्ट युजर दोन.
सॉफ्टवेअर बसवायला नागपूरहून आलेल्या पोरानं
जेवणाआधी हे दोघे जन्माला घातले,
जेवणानंतर पुसायचे विसरला.
एकतीस महिने झाले.
उचल मागितली नाही, सुट्टी नाही,
पायात काटा मोडला म्हणून बसले नाहीत कधी.
दोघांचे मिळून चोपन्न हजार आठशे सत्तर.
कुसुम आत्रामला दिवसाचे तीनशे देताना
मी नोट दोनदा चोळून पाहते,
दोन चिकटल्या तर नाहीत.

तळाशी मी होते.
दोनदा.

वैजयंती माथनकर.
वैजयंती ढवस.

लग्नाला दोन वर्षं झाली.
पत्रिका दिली त्याच दिवशी किशोरबाबूंनी
नवं नाव टाकून दिलं होतं, कौतुकानं,
आणि जुनं काढायचं कोणाला सुचलं नाही.
ढवसबाईसमोर लिहिलं होतं
शेवटचं लॉगिन: कधीच नाही.

मी रोज सकाळी नऊला कुठून आत येते
ते बोटांना माहीत होतं, मला नव्हतं.
सरकीचे सगळे सौदे माथनकरच्या नावावर,
हमालीचा वाद, तीन दिवस न जुळलेला ताळा,
आणि जुळला तेव्हा शेऱ्याच्या रकान्यात
मी लिहिलेलं "हुश्श".

स्क्रीननं विचारलं,
ही व्यक्ती कायमची काढायची?
मी बाहेर पाहिलं. फडावर कोणी नव्हतं,
कुंपणाच्या तारेला रुईचा एक पुंजका
अडकून राहिला होता, हंगामापासून.
हो, म्हटलं.

संध्याकाळी हिशोब दिला.
महिन्याला सहा हजार एकशे पंच्याण्णव वाचतील.
किशोरबाबूंनी चष्मा वर सरकवला.
"चारच? मंग इतके दिवस
हे बाकीचे सात जन कोन होते वं?"

"कोनी नाही जी,"
म्हटलं,
आणि रिकामी बादली उचलली.