एलीला फोन आला

बिटको चौकातल्या टपरीवर कालपासून एकच विषय :
एली पाटोळेनं भारताचा कोच व्हावं का.
रऊफ पिंजारी म्हणतो, व्हायलाच पाहिजे,
ज्या पायानं एकतीस गोल मारले
तो पाय नुसता कडेला उभा राहिला
तरी पोरांच्या अंगात येईल.
दोंदे सर मिसळीत पाव बुडवत म्हणतात,
द्राक्षाच्या वेलीला विचारून
छाटणी शिकलंय का कुणी?

मग सगळे माझ्याकडे बघतात.

मी सात वर्षं त्याच्या मागे खेळलो.
प्रेसच्या टीमचा लेफ्ट बॅक :
दिवसभर नोटा मोजायच्या,
संध्याकाळी एलीच्या चुका.
देवळालीच्या तोफखान्याविरुद्ध एकदा
त्यानं न बघता टाच मारली,
चेंडू गेला जिथं कुणीच नव्हतं,
आणि पुढच्या क्षणी तिथं बाळू खरात होता.
मी नंतर विचारलं, तुला दिसला कसा रे?
बुटाची नाडी सोडत तो म्हणाला, कोण?

मला सगळं शिकावं लागलं.
डावा पाय कधी टेकायचा, खांदा किती पाडायचा,
समोरचा कमरेतून खोटं बोलतो तेव्हा
गुडघ्याकडे बघायचं,
हे मी हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर लिहायचो.
त्या वहीला कुणी दिल्लीहून फोन करत नाही.
हे टपरीवर बोललो नाही.
साठी उलटल्यावर असूया
चहात बुडवून, मऊ करून खायची असते.

रविवारी सकाळी नेहरूनगरच्या मैदानावर गेलो.
निफाडकडून आलेला गारठा, गवत पांढरं,
बारा पोरं, चार जर्किन, दोन चेंडू.
झेबा नावाची एक काटकुळी मुलगी म्हणाली,
सर, ते वळायचं कसं?
एली म्हणाला, असं.
आणि वळला.
पोटात कालवलं माझ्या,
त्रेसष्टाव्या वर्षी अजून तसाच,
जणू हवेनंच बाजूला सरून वाट दिली.
परत, ती म्हणाली.
असं.
तिसऱ्या वेळी गुडघ्यानं नकार दिला.
तो गवतावर बसला, पँट ओली.
पोरगी हसली नाही.
दिसलं मला, ती म्हणाली, पण सांगा ना.

एली गप्प.
देवळालीच्या रेंजवर एक तोफ वाजली,
मग बऱ्याच वेळानं दुसरी.
मैदानावर त्यानं कधी मागे वळून बघितलं नव्हतं,
मागे मी असायचोच.
त्या दिवशी बघितलं.
गांगुर्डे, वळायच्या आधी मी काय करतो रे?

थांबतोस, मी म्हणालो.
अर्धा श्वास.
समोरच्याला वाटतं, विसरला हा.

झेबा थांबली. वळली.
चेंडू गेला गटारीत,
पण थांबली होती बरोबर.

आता सांगा, काय मत देऊ टपरीवर?
ह्याच स्टेशनपासून मुक्तिधामपर्यंत
उघड्या ट्रकमधून मिरवलाय त्याला,
आणि ट्रकवाल्याचं भाडं अजून बाकी आहे म्हणतात.
तीन मॅच हरल्या की
हार घालणारेच हात दगड शोधतील.
मार्था म्हणते, आधी गुडघा बदला, मग देश.
आणि तरीही
ज्या माणसानं आयुष्यात कधी विचारलं नाही
त्यानं विचारलं.
हे कुठल्या परीक्षेत बसतं, दोंदे सर?

रात्री नऊला त्याचा फोन.
हो म्हणू का रे?
माळ्यावरून वही काढली होती मी,
पितळेच्या पातेल्यांखालून,
शाईचा वास अजून, कडा उंदरानं कुरतडलेल्या.
त्याला देण्यासाठी नाही. बघायला.
पान चौदा : एली आत घुसला
की आपण त्याची रिकामी जागा धरायची.

थांब जरा, म्हणालो,
आणि चष्मा शोधत राहिलो.
फोनवर त्याच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता,
मार्था कुणाला तरी जेवायला हाक मारत होती.
त्यानं फोन ठेवला नाही.