फक्त लहान कोनांसाठी

जूनमध्ये मुहू बेटावर रात्र नीट होतच नाही.
आकाश ताकाच्या निवळीसारखं,
आणि मी शिडीवर, हातात डांबराचा डबा,
गावच्या झोक्याचे सांधे तपासतोय.
चार मीटरच्या तुळया, खाली लांबलचक फळी.
उद्या होळी पेटेल, सगळं गाव चढेल यावर,
दोन टोकांना उभं राहून
एकमेकांना वर ढकलत राहील.

हेल्वे बाई भौतिकशास्त्र शिकवायला आम्हाला इथंच आणायच्या.
घड्याळ शाळेचं, ते सदा बंद.
बाई स्वतःची नाडी धरायच्या आणि म्हणायच्या,
मोजा.
वीस फेऱ्या. ऐंशी सेकंद.
मग जाडा उर्मास बसला, त्याचे दोन भाऊ बसले,
मांडीवर बटाट्यांचं पोतं.
मोजा.
ऐंशीच.
आम्ही चिडलो. एवढं वजन गेलं कुठं?
बाई म्हणाल्या, वजनच खेचतं
आणि वजनच हलायला कुरकुरतं,
त्यांचं देणं-घेणं आपसात फिटतं.
उरते ती लांबी.

आणि हे बघा, मधली जागा.
जिथं त्याला विसावायचं असतं
तिथूनच तो सर्वांत जोरात जातो.
टोकाला थांबतो खरा,
पण तिथं त्याला कोण राहू देतंय?

फळ्यावर सूत्र लिहिलं, त्याखाली बारीक अक्षरात
एक ओळ: फक्त लहान कोनांसाठी.
का, ते कुणी विचारलं नाही.
परीक्षेत येणार नव्हतं.

मला ते कळलं सतराव्या वर्षी.
उर्माससोबत दारू पिऊन झोका इतका चढवला
की तुळया जवळजवळ उभ्या, पाय आभाळाकडे.
आणि तो तिथं घुटमळला.
चार सेकंद गेले असतील, सहा, आठ,
खाली जुनिपरची झुडपं उलटी लटकलेली,
परत यायचं की पलीकडे पडायचं
हे त्याचं ठरतच नव्हतं.

बाईंची धाकटी बहीण आइनो
चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात होडीतून स्वीडनला गेली.
बाई आजारी आईपाशी थांबल्या.
पुढच्याच होडीनं जायचं ठरलं होतं.
मग किनाऱ्यावर पहारा बसला.
सैनिक रोज संध्याकाळी वाळूवर दाताळं ओढायचे,
कुणाचं पाऊल उमटलं तर दिसावं म्हणून.
लाटा तेवढ्या येत-जात राहिल्या.
त्यांत पाणी कुठं जात नाही, बाई शिकवायच्या,
ते जागच्या जागी वर-खाली होतं,
पुढं जाते ती फक्त हालचाल.
हे सांगताना त्या खिडकीबाहेर बघत नसत.
मुद्दामच, असं आता वाटतं.

आइनो परत आली नव्वद साली.
सेहेचाळीस वर्षं, एका फेरीला.
धक्क्यावर दोघी बराच वेळ काही बोलल्या नाहीत,
मग पिशवी कुणी उचलायची यावरून भांडल्या.

संध्याकाळी मला हाक मारली. ढकलशील?
दोघी एकाच बाजूला, खेटून बसल्या,
लाल-पिवळ्या भरतकामाच्या सपाता जमिनीपासून वीतभर वर.
मी जपून ढकललं.
बाईंनी सवयीनं मनगट धरलं,
पण या खेपेला आइनोचं.
वीस फेऱ्या मी मनात मोजल्या.
किती झाले, बाई?
गप्प रे, म्हणाल्या, माझा आकडा चुकला.

दोघीही आता नाहीत.
मी शिडी उतरतो, फळीला हलकेच हात लावतो.
सांधा कुरकुरत नाही, डांबर बसलंय.
झोका प्रत्येक खेपेला थोडा कमी जातो,
हातभर, वीतभर, बोटभर,
पण वेळ तेवढाच घेतो.
चार. चार. चार.
मग वारा कुठला आणि झोका कुठला
ते सांगता येत नाही,
तरी मी डबा हातात धरून
मोजत उभा राहतो.